राजा नसलेले शहर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहासाविषयी बोलावयास सहसा प्राध्यापक येतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते हमालांच्या युनियनच्या खोलीत, कामगार न्यायालयाच्या बाकावर आणि सार्वजनिक वाचनालयांत. तेव्हा आज जे चुकेल ते आमचे, आणि जे बरोबर असेल ते ज्यांनी कागद जपून ठेवले त्यांचे समजावे. हे आम्ही नुसते विनयाने म्हणत नाही. ते का म्हणतो, हे भाषणाच्या अखेरीस आपल्या ध्यानात येईल.

विषय आहे धुळे शहर. हे ऐकून पुढच्या रांगेतले काही चेहरे हसले, ते आम्ही पाहिले. साक्रीच्या माणसाला धुळे काय सांगायचे? जिल्हा धुळे, मोठे कोर्ट धुळे, मोठा दवाखाना धुळे. सकाळच्या एस.टी.ने निघायचे, नेर, कुसुंबा मागे टाकायचे, तासा-सव्वा तासात उतरायचे, काम उरकायचे, पाच कंदिलाशी थोडा बाजार करायचा आणि दिवेलागणीला परत. आम्ही स्वतः तीस वर्षे असेच गेलो. किती खेपा झाल्या याचा हिशेब नाही. आणि एवढ्या खेपांत आम्ही धुळे एकदाही पाहिले नव्हते.

दोन वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला. ज्या शहरांना कोणी पाहावयास जात नाही अशा शहरांची प्रवासवर्णने त्यांना छापावयाची होती. ‘तुम्ही धुळ्याचे लिहा,’ असे ते म्हणाले. आम्ही म्हटले, ‘अहो, आम्ही मागणीपत्रके लिहिणारी माणसे, प्रवासवर्णन कुठले लिहिणार?’ ते म्हणाले, ‘कामाला जाऊ नका. पाहुण्यासारखे जा, दोन रात्री राहा आणि दिसेल ते लिहा.’ आम्ही हो म्हणून बसलो.

स्टँडजवळच्या लॉजवर गेलो. मालकाने वही पुढे केली आणि विचारले, ‘कोर्टाची तारीख आहे का?’ आम्ही म्हटले, ‘नाही, धुळे पाहायला आलो.’ त्यांनी आम्हांला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि दोन्ही दिवसांचे भाडे आगाऊ मागून घेतले. रिक्षावाल्याला म्हटले, ‘गाव दाखव.’ तो आमच्याच भागातला निघाला. म्हणाला, ‘आप्पा, धुयामा देखाले काय शे?’

प्रश्न रास्त होता. आजचे व्याख्यान म्हणजे त्या रिक्षावाल्याला द्यावयाचे राहून गेलेले उत्तर आहे.

धुळ्यात पाहण्याजोगे काही नाही, ही समजूत आली कोठून? पहिले कारण रस्त्याचे. सतराव्या शतकात परदेशचे प्रवासी खानदेशातून जात, पण ते सुरतेहून बुऱ्हाणपूरला जात. इंग्रजांचा वकील सर टॉमस रो १६१५ साली याच वाटेने जहांगीर बादशहाच्या भेटीस निघाला. पुढे फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निये याच वाटेने गेला. त्याच्या पुस्तकात नवापूर आहे, नंदुरबार आहे, थाळनेर आहे, चोपडा आहे. नवापूरच्या तांदळाला कस्तुरीसारखा वास येतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. धुळे मात्र नाही; कारण त्याची वाट तापीच्या काठाने होती आणि धुळे राहिले दक्षिणेला, पांझरेवर. पुस्तकात एकदा जे गाव राहून जाते, ते पुढच्या पुस्तकांतही राहते. प्रवासी लोक डोळ्यांनी जेवढे पाहतात, त्याहून अधिक आधीच्या प्रवाशाचे वाचून पाहतात.

दुसरे कारण राजाचे. प्रवाशाला किल्ला हवा, वाडा हवा, निदान राजाची समाधी तरी हवी. धुळ्याच्या दक्षिणेस आग्रा रोडवर लळिंगचा किल्ला आहे. फारुकी घराण्याचा मलिक राजा याने तो आपला मुलगा नासीर याच्या हाती दिला होता. पण नासीरने असीरगड घेतला, तापीकाठी बुऱ्हाणपूर वसवले आणि राजवैभव तिकडे नेले. राजे धुळ्याच्या उंबरठ्यापर्यंत आले आणि तेथून निघून गेले. आपल्या तालुक्याला भामेरचा किल्ला आहे, बळसाण्याची जुनी देवळे आहेत. त्या मानाने साक्री श्रीमंत म्हणावी लागेल. खुद्द धुळ्याला राजा कधी लाभला नाही.

तर मग हे शहर झाले कसे?

१८०३ साली होळकरांच्या फौजांची धूळधाण आणि तो भयंकर दुष्काळ यांनी धुळे पार ओस पडले. घरांत दिवा लावावयास माणूस उरले नाही. लळिंग आणि सोनगीर हे परगणे तेव्हा विंचूरकरांकडे होते. त्यांच्या पदरी असलेल्या बाळाजी बळवंत नावाच्या माणसाने पुढच्या वर्षी गाव पुन्हा वसवले आणि त्याबद्दल त्याला इनाम मिळाले. म्हणजे आज आपण जे धुळे म्हणतो, त्याचा पाया एका नोकरदाराने घातलेला आहे.

पुढे १८१८ मध्ये पेशवाई गेली. खानदेशाचा नवा जिल्हा झाला आणि कॅप्टन जॉन ब्रिग्ज हा त्याचा पहिला कलेक्टर आला. १८१९ साली त्याने जिल्ह्याचे ठाणे म्हणून धुळे निवडले. गाव लहान होते, पण जिल्ह्याच्या मध्यावर होते आणि दक्षिणेतून हिंदुस्थानात जाणाऱ्या हमरस्त्यावर होते. जुन्या धुळ्याशेजारी त्याने सरळ रस्त्यांची नवी पेठ आखली, कचेऱ्या बांधल्या, आणि दूरदूरचे व्यापारी व कारागीर बोलावून त्यांना घरांसाठी जागा दिल्या.

या ब्रिग्जविषयी दोन शब्द अधिक सांगतो. कारण साहेब म्हटला की हात जोडावेत किंवा दगड उचलावा, या दोन्ही सवयी बऱ्या नव्हेत. हा मनुष्य परक्या सत्तेचा कारभारी होता, यात वाद नाही. पण त्याने फेरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे इंग्रजी भाषांतर केले, ते १८२९ साली प्रसिद्ध झाले. आणि १८३० साली हिंदुस्थानातील जमीन-महसुलावर ग्रंथ लिहून, हा सारा रयतेला झेपण्यापलीकडचा आहे, असे आपल्याच सरकारला सुनावले. धुळ्याचा पहिला कलेक्टर इतिहासाचा अभ्यासक निघाला, हे लक्षात ठेवावे. या गावात पुढे जे घडले, त्याचा हा जणू सलामीचा चौघडाच होय.

ब्रिग्जच्या आखणीतल्या गल्ल्या आजही आहेत. पहिल्या दिवशी सकाळी आम्ही त्या पायी फिरलो. पुण्याच्या पेठांना वार आहेत, पेशव्यांची नावे आहेत. धुळ्याच्या गल्ल्यांना आकडे आहेत. गल्ली नंबर एक, गल्ली नंबर दोन, अशा त्या सरळ रेषेत पडलेल्या आहेत. कोणी म्हणेल, हे रूक्ष आहे. आम्हांला मात्र हमालाच्या छातीवरचा बिल्ला आठवला. त्यावरही आकडाच असतो. नाव नसते; पण त्या आकड्यामागे एक पाठ असते आणि तिच्यावर गोणी असते. धुळे हे असे बिल्ल्याचे शहर आहे. ते राजाने हौसेने वसवले नाही. कारकून, कासार, विणकर, गाडीवान, वकील आणि हमाल यांनी कामासाठी येऊन ते भरवले. १९०१ च्या खानेसुमारीत तेथे चोवीस हजारांवर माणसे होती. २०११ च्या खानेसुमारीत पावणेचार लाखांवर. यांतला फारच थोडा भाग वाड्यात जन्माला आला असेल.

दुपारी आम्ही पुलावर गेलो. पलीकडे देवपूर, एकवीरेचे देऊळ, खाली पांझरा. धुळ्याची मंडळी तिला आपली नदी म्हणतात. आम्ही मनात म्हटले, ‘बाई, तू निघालीस आमच्या पिंपळनेरच्या डोंगरातून. इथे येईपर्यंत तुझे माहेर हे लोक विसरले.’ पण विसरलो आपणही आहोत. पांझरेवरच्या बंधाऱ्यांवर आपल्या भागात शेकडो वर्षे फडाची पद्धत चालली. बंधाऱ्याखालच्या जमिनीचे तीन-चार फड पाडायचे, एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यायचे, पुढच्या वर्षी फेरपालट करायची. पाटकऱ्याने पाणी सोडायचे, जागल्याने राखण करायची, आणि शेवटच्या टोकाच्या शेतालाही त्याचा वाटा पोचवायचा. कोणता कायदा तेव्हा हे करावयास लावत होता? शेतकऱ्यांची आपसांतली शिस्त लावत होती. युनियन हा शब्द विलायतेहून आला असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा पांझरेच्या फडाचा हिशेब पाहावा.

हीच पांझरा रागावली म्हणजे काय करते, ते धुळ्याने १८७२ च्या पुरात पाहिले. घरेदारे आणि मालमत्ता यांची फार हानी झाली. आणि हिच्याच एका पाटावर एका मोठ्या माणसाची पहिली परीक्षा झाली. १८८४ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हे कोवळे इंजिनियर मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि लवकरच खानदेशात आले. आपल्याच तालुक्यातल्या दातर्तीजवळ पांझरेवर नळाची मोरी टाकून पाट पलीकडे न्यावयाचा होता. पाऊस सुरू झाला. काम पावसाळ्यानंतर करावे असे त्यांचे मत पडले. वरिष्ठाने ते रुचले नसल्याचे कळवले. तेव्हा त्यांनी पुराच्या हंगामातच काम हाती धरून पुरे केले. पुढे ज्यांनी म्हैसूरचे कृष्णराजसागर धरण उभे केले, त्यांच्या आत्मवृत्तात हे छोटे काम मानाने नोंदलेले आहे.

दातर्तीचे नाव असे छापील ग्रंथात गेले. परंतु आमच्या धंद्याच्या सवयीने आम्ही तेथे एक प्रश्न विचारतो. पुराच्या पाण्यात छातीपर्यंत उभे राहून ते नळ कोणी बसवले? इंजिनियरांनी आठवणी लिहिल्या म्हणून इंजिनियर उरले. मजुरांचा हजेरीपट कोणीतरी ठेवला असेलच. मजुरी त्याशिवाय वाटता येत नाही. तो पट उरला असता तर आज या मंडपात बसलेल्या कोणाच्या तरी खापरपणजोबांचे नाव आम्ही येथे वाचून दाखवले असते.

१९०० साली चाळीसगावहून धुळ्यापर्यंत आगगाडी आली आणि धुळ्यालाच थांबली. ती पुढे जावी म्हणून किती अर्ज गेले! अखेर २०२४ मध्ये मनमाड–इंदूर मार्गाला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेव्हा पश्चिमेचे ठाणे धुळे राहिले. कापसाच्या मुलखात कापडाची गिरणी निघाली, न्यू प्रताप मिल. अमळनेरच्या प्रतापशेटजींचे नाव तिला होते. १९७४ च्या कायद्याने आजारी गिरण्या सरकारने घेतल्या, त्यांत ही होती. आज तिचा भोंगा वाजत नाही. ज्या गावाचे घड्याळ भोंग्यावर लावले जात होते, तेथे भोंगा थांबल्यावर पहिले काही दिवस म्हातारी माणसे पहाटे उठून नुसती बसून राहतात, हे आम्ही एकाहून अधिक गावांत पाहिले आहे.

रात्री लॉजवर परतलो. शेवभाजी आणि कळण्याची भाकरी खाताना मालक जरा मोकळे झाले. म्हणाले, ‘आप्पा, खरं सांगू? इथे जो येतो तो कामाने येतो. नुसता पाहायला कोणी येत नाही.’ ते सहज बोलले. पण आम्हांला त्या शहराची किल्ली हाती लागल्यासारखे झाले. कारण या शहरात जी मोठी माणसे आली, तीही कामानेच आली. किंबहुना काहींना तर आणावे लागले.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९३७ च्या जुलैअखेर धुळ्यास आले, ते लॉजमालकांच्या शब्दांत सांगायचे तर कोर्टाच्या तारखेलाच. एका खटल्याचे काम होते. ते प्रवासी बंगल्यात उतरले. ती जागा लोकांनी अजून मनात धरून ठेवली आहे. विनोबांना तर सरकारनेच आणले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारी ते १९ जून, ओळीने अठरा रविवार, त्यांनी गीतेच्या अठरा अध्यायांवर कैद्यांपुढे प्रवचने केली. आज ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक भारताच्या साऱ्या प्रमुख भाषांत आहे. पण एक गोष्ट विचारात घ्या. विनोबा बोलत होते, लिहीत नव्हते. त्या कैद्यांत साने गुरुजी होते. ते भराभर उतरवून घेत होते. गुरुजींची लेखणी त्या बराकीत नसती, तर अठरा रविवारांचे बोलणे तुरुंगाच्या भिंतींनी ऐकले असते आणि तेथेच संपले असते. बोलणारा मोठा खराच. पण लिहून ठेवणाऱ्याचे ऋण आपण क्वचित मोजतो.

तिसरे राजवाडे. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड काढले. महाराष्ट्रभर गावोगाव, वाड्यावाड्यांतून, फडताळांतून, माळ्यांवरून त्यांनी जुने कागद गोळा केले. इंग्रजी उत्तम येत असून मराठीतच लिहिले. १९१० साली पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ काढण्यात ते पुढे होते आणि नंतर त्यातून बाजूलाही झाले. स्वभाव कडक. संसार उरला नव्हता. होते ते कागद. अखेरच्या दिवसांत त्यांचा मुक्काम धुळ्यास होता आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी तेथेच ते वारले.

एकटा, कफल्लक म्हातारा परगावी मरतो आणि मागे कागदांचे ढीग ठेवतो. अशा वेळी जगाची रीत काय, ते आपल्याला ठाऊक आहे. धुळेकरांनी काय केले? पुढच्याच महिन्यात, जानेवारी १९२७ मध्ये, राजवाडे संशोधन मंडळ काढले. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सोबत्यांनी तो सारा संग्रह सांभाळला, त्यावर काम चालवले, ‘संशोधक’ नावाचे नियतकालिक काढले. यांत कोणी राजा नव्हता, संस्थानिक नव्हता. गावातले शिकलेसवरलेले मध्यम स्थितीतले लोक होते.

आणि हे एकदाच घडले असेही नव्हे. त्याच गावात वकील शंकर श्रीकृष्ण देव यांनी १८९३ साली सत्कार्योत्तेजक सभा काढली, रामदासी मठामठांतून हिंडून हस्तलिखिते मिळवली, डोमगावच्या मठातल्या प्रतीवरून ‘दासबोध’ छापून काढला. ती पोथ्यांची ठेव समर्थ वाग्देवता मंदिरात आहे. नावाला मंदिर, आत देवाच्या जागी कागद. आम्ही देवळात फारसे जात नाही, पण तेथे चप्पल काढताना आम्हांला संकोच वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही राजवाडे मंडळात गेलो. तेथल्या मंडळींनी आम्हांला रुमाल दाखवले. रुमाल म्हणजे फडक्यात बांधलेली कागदांची गाठोडी. जीर्ण मोडीचे बंद, कडेला वाळवीने खाल्लेले. आम्हांला मोडी येत नाही. त्यांनी एक बंद वाचून दाखवला. त्यात लढाई नव्हती, कोणाच्या तरी हिशेबाच्या रकमा होत्या. आम्ही विचारले, ‘हे कशाला जपायचे?’ ते म्हणाले, ‘कोणता कागद कधी बोलेल हे आधी कळत नाही. म्हणून सगळेच ठेवायचे.’

त्या वाक्याने आम्ही खाली बसलो. यापुढे जे सांगणार आहोत ते दिवाळी अंकात लिहावयाचे आम्हांस धैर्य झाले नाही. येथे आपल्या माणसांत सांगतो.

वीसएक वर्षांपूर्वीची गोष्ट. हमालांच्या एका जुन्या युनियनची भाड्याची खोली होती. युनियनचे नाव सांगत नाही, दोष तिचा नव्हे. भाडे थकले होते आणि मालक खोली मागत होता. आम्ही तेव्हा नवे चिटणीस, अंगात कामाची घाई. खोलीत चार गोण्या भरून जुनी दप्तरे होती. वर्गणीची पुस्तके, हजेरीच्या वह्या, संपात चालवलेल्या लंगरखान्याचा शेराशेराचा हिशेब. पानापानांवर अंगठे. त्यांत आमच्या वडिलांचाही अंगठा होता, तो आम्ही लहानपणी पाहिलेला होता. आम्ही रद्दीवाल्याला बोलावले. त्याने तागडीत टाकून किलोवर घेतली. आलेल्या पैशांत एका महिन्याचेही भाडे भागले नाही.

पाच-सहा वर्षांनी एका हमालाची विधवा आली. नवरा किती वर्षे कामावर होता याचा पुरावा तिला हवा होता. त्यावर तिचे हक्काचे पैसे अवलंबून होते. सुरुवातीची अकरा वर्षे कोणत्याच सरकारी कागदावर नव्हती. ती होती फक्त आमच्या हजेरीच्या वह्यांत. आम्ही तिला म्हटले, ‘शोधतो.’ शोधण्यासारखे काही नाही हे आम्हांला ठाऊक होते, तरी म्हटले, ‘शोधतो.’ ती तीन वेळा आली. तिसऱ्या वेळी म्हणाली, ‘कागद सापडना नही का, भाऊ?’ आम्ही नाही म्हटले. ती निमूट गेली. तिची अकरा वर्षे तागडीत गेली होती, आणि तागडी आम्ही धरली होती.

बंधुहो, मालक मजुराचा कागद दाबतो, यावर आम्ही शेकडो सभांत बोललो आहोत. मजुराचा कागद मजुराच्याच पुढाऱ्याने रद्दीत घातला, यावर कधी बोललो नव्हतो. राजवाड्यांना जे कागद मिळाले, ते सरदारांचे, इनामदारांचे, मठांचे. कारण त्यांना माळे होते, पेट्या होत्या. आमच्या लोकांना माळा नाही. आमचा कागद छपराच्या वाशात खोचलेला असतो, आणि पहिल्या पावसात जातो. म्हणून इतिहासात आमचे लोक ‘प्रजा’, ‘रयत’, ‘मजूर’ अशा घाऊक नावांनी येतात. त्यांचे नाव गाव कोणी मुद्दाम पुसलेले नसते. पुष्कळदा आपणच ते कोणाला विकलेले असते.

अमेरिकेतले एक उदाहरण देऊन हे पुरे करतो. १८८६ साली आठ तासांच्या दिवसासाठी तेथे मोठी चळवळ झाली. शिकागो साऱ्या जगाला ठाऊक आहे. मे दिन आपण साक्रीतही पाळतो. पण त्याच आठवड्यात, ५ मे रोजी, जवळच्या मिलवॉकी शहरात बे व्ह्यू येथे पोलादाच्या कारखान्यावर निघालेल्या कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. मिलवॉकीचे नाव आपल्यापैकी कोणी घेत नाही. तेही धुळ्यासारखेच, मधल्या मुलखातले, कामाचे शहर. प्रवासी लोक ते ओलांडून मोठ्या शहरांकडे जातात. परंतु तेथली कामगार मंडळी दरवर्षी मे महिन्यात त्या जागेवर जमतात आणि मेलेल्यांची आठवण काढतात. जगाने दखल घेतली नाही म्हणून त्यांनी स्वतः घेणे सोडले नाही.

धुळ्याचा धडाही आम्हांला हाच दिसला. ज्याला राजा नाही त्या शहराला किल्ला मिळत नाही, प्रवासी मिळत नाहीत, स्तुती मिळत नाही. पण जपणारी माणसे मिळाली तर त्याला इतिहास मिळतो. एका परक्या म्हाताऱ्याचे कागद धुळेकरांनी आपले मानले, हे त्या शहरातले सर्वांत मोठे प्रेक्षणीय स्थळ होय. रिक्षावाल्याला हे सांगितले असते तर तो कदाचित हसला असता. पण आम्ही त्याला तेथवर नेऊन आत मात्र बोलावले नाही, हीही आमची चूकच.

आता साक्रीविषयी बोलून संपवतो. आपल्या तालुक्यातून दरवर्षी ऊसतोडीला कोयते बाहेर पडतात. मुकादमाच्या वहीत कोणाला किती उचल दिली ते लिहिलेले असते. फडांचे जुने हिशेब काही घरांत अजून असतील. बाजारसमितीतल्या हमाल-मापाड्यांच्या जुन्या पावत्या, बंद पडलेल्या कामांवरचे हजेरीपट, आजीच्या पेटीतले शेतसाऱ्याचे कागद, तुरुंगात गेलेल्यांची पत्रे, हे सारे कोठे ना कोठे आहे. पुढच्या दिवाळीच्या सफाईत ते रद्दीवाल्याकडे जाईल.

धुळ्याहून परतल्यावर आम्ही एक लोखंडी पेटी घेतली. तूर्त ती आमच्या घरी आहे; तिला वाचनालयात कपाट मिळावे अशी विनंती आम्ही आजच्या अध्यक्षांना केली आहे. पेटीत आतापर्यंत तीन मुकादमांच्या वह्या, एका फडाचे पाणीवाटपाचे टिपण आणि हमालांच्या पावत्यांचा एक पुडका एवढेच जमले आहे. शिवाय एक पितळेचा बिल्ला आहे, आकडा लिहिलेला. त्या विधवा बाईंकडे आम्ही गेल्या वर्षी गेलो आणि वह्यांचे काय झाले ते खरे सांगितले. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग आत जाऊन नवऱ्याचा बिल्ला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘हाऊ तरी ठेवा. पन आते इकू नका.’

आम्ही शब्द दिला आहे. तो आमच्या एकट्याच्या हयातीपुरता राहू नये, एवढ्यासाठी ही पेटी आपल्या सर्वांच्या स्वाधीन करावयाची आहे. ज्यांच्या घरी कागद असतील त्यांनी ते आणावेत. देववत नसतील त्यांनी निदान आम्हांला दाखवावेत, आम्ही उतरवून घेऊ. आमचे अक्षर बरे नाही, पण वाचता येते.